मैदान सोडण्याचा हक्क

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, मोहम्मद अली यांच्या स्मृतिदिनाच्या आसपास, एक कृष्णधवल फोटो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो. लांब टेबलामागे चार जण बसलेत आणि त्यांच्या मागे आठ जण उभे आहेत. सगळे काळे, सगळे सुटाबुटात, हसू कोणाच्याच चेहऱ्यावर नाही. अली लगेच ओळखू येतात. त्याच रांगेत बसलेला उंचापुरा तरुण म्हणजे ल्यू अल्सिंडर, हेही काही जणांना माहीत असतं, कारण पुढे तोच करीम अब्दुल-जब्बार झाला. त्याच्यासारखेच बास्केटबॉल खेळणारे बिल रसेल हेही त्या रांगेत आहेत. बाकीच्यांची नावं मात्र फोटोखाली कोणी लिहीत नाही. ‘अलींना पाठिंबा देणारे खेळाडू’ एवढ्यावर भागतं.

ही नावं शोधायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, की या बारांतले आठ जण एकाच खेळातले आहेत, आणि आपल्याकडे कोणी पाहतही नाही असा तो खेळ आहे. अमेरिकन फुटबॉल. जिम ब्राऊन, बॉबी मिचेल, जॉन वूटेन, विली डेव्हिस, कर्टिस मॅक्लिंटन, सिड विल्यम्स, जिम शॉर्टर, वॉल्टर बीच. हा फोटो ४ जून १९६७ चा, क्लीव्हलंड शहरातला. त्याच वर्षी १५ जानेवारीला पहिला सुपर बोल सामना झाला होता. त्यात डेव्हिस ग्रीन बे संघाकडून आणि मॅक्लिंटन कॅन्सस सिटीकडून खेळले, म्हणजे एकमेकांच्या विरुद्ध. पाच महिन्यांनी दोघे शेजारी उभे आहेत.

हे आठ जण तिथे कसे पोहोचले, हे समजून घ्यायचं तर त्यांच्या धंद्याकडे पाहावं लागतं. मी मुद्दाम धंदा म्हणतोय.

नववीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, की चेंडू हातात धरून पळतात, मग फुटबॉल कशाला म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. या खेळाला ग्रिडायर्नही म्हणतात. ग्रिडायर्न म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजायची लोखंडी जाळी. मैदानावर आखलेल्या रेघा तशा जाळीसारख्या दिसतात म्हणून हे नाव. शंभर यार्डांचं मैदान, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा गोल-पट्टा, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी आणि दोन्हीकडे निमुळता असा लांबट चेंडू. चेंडू ज्याच्याकडे, त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. पळणाऱ्याला समोरच्यांनी आडवं करायचं. आपल्या कबड्डीतली चढाई आणि पकड डोळ्यांसमोर आणा. फक्त पकड करणारा सव्वाशे किलोचा आहे, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड, आणि तो दहा पावलांवरून धावत येऊन धडकणार आहे.

या धडकांवर सगळा व्यवहार उभा आहे. संघ मालकांचे. नवा खेळाडू कोणत्या संघात जाणार हे तो ठरवत नाही. ‘ड्राफ्ट’मध्ये संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात, आणि ज्याने निवडलं त्याच्याकडे जायचं. करार पाच वर्षांचा असला तरी त्यातले बरेचसे पैसे पक्के नसतात, गडी उपयोगाचा उरला नाही तर संघ त्याला मोकळा करतो. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्याही आतली. आपला शिक्षणसेवकाचा काळ तीन वर्षांचा असतो. म्हणजे आपण जेव्हा कायम होतो, तेव्हा हा गडी घरी जातो.

म्हणून या खेळातल्या मोठ्या खेळाडूंचं वाचताना मला त्यांच्या विक्रमांपेक्षा एक वेगळीच गोष्ट पाहावीशी वाटते. मैदान त्यांनी सोडलं, की त्यांना सोडायला लावलं? आणि ठरवलं कोणी?

आधी ज्यांना सोडायला लावलं त्यांच्याविषयी.

व्यावसायिक लीग स्थापन झाली १९२० साली, ओहायो राज्यातल्या कँटन गावात, एका मोटारींच्या शोरूममध्ये. आज जिला एनएफएल म्हणतात ती हीच. पहिल्याच वर्षी अक्रनचा संघ विजेता ठरला आणि त्या संघाचा सगळ्यात चपळ गडी होता फ्रिट्झ पोलार्ड, काळा माणूस. पुढच्या वर्षी, १९२१ मध्ये, पोलार्ड त्या संघाचे प्रशिक्षकही झाले. आता पुढचं वाचा. त्यानंतर एखादा काळा माणूस या लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक झाला तो १९८९ साली, आर्ट शेल. मध्ये अडुसष्ट वर्षं गेली.

मधल्या काळात काय झालं? १९३३ च्या मोसमात लीगमध्ये दोनच काळे खेळाडू उरले होते, जो लिलार्ड आणि रे केम्प. १९३४ पासून एकही नाही. १९४५ पर्यंत, म्हणजे बारा मोसम, एकही नाही. कुठल्याही नियमावलीत तसं लिहिलेलं नव्हतं. ठराव नाही, परिपत्रक नाही. मालकांची आपापसातली समजूत. आपल्याकडच्या वाचकाला हे फोड करून सांगायला नको. भाड्याने घर शोधताना आडनाव ऐकून ‘आत्ताच दुसऱ्याला दिलं हो’ असं ज्याला एकदा तरी ऐकावं लागलंय, त्याला न लिहिलेला नियम किती पक्का असतो हे ठाऊक आहे.

या बारा वर्षांनी केनी वॉशिंग्टन नावाच्या खेळाडूची जवानी खाल्ली. १९३९ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघात काही काळे तरुण एकत्र खेळत होते, त्यांत वॉशिंग्टन, वूडी स्ट्रोड आणि जॅकी रॉबिन्सन. हो, तेच रॉबिन्सन, जे पुढे १९४७ मध्ये बेसबॉलमधली वर्णबंदी मोडण्यासाठी जगभर गाजले. त्या संघात सर्वांत चमकणारे होते वॉशिंग्टन. पण पदवी घेतल्यावर त्यांना एनएफएलचं दार बंद. ते पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या लीगमध्ये खेळत राहिले आणि गुडघे झिजवत राहिले.

दार उघडलं ते कोणाच्या मनाच्या मोठेपणाने नाही. १९४६ मध्ये रॅम्स नावाचा संघ क्लीव्हलंड सोडून लॉस एंजेलिसला आला आणि त्याला तिथलं कोलिझियम हे मोठं स्टेडियम हवं होतं. ते स्टेडियम जनतेच्या पैशाचं. काळ्यांच्या वर्तमानपत्रांतले पत्रकार, त्यात हॅली हार्डिंग पुढे, बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, की या स्टेडियमसाठी आम्हीही कर भरलाय. ज्या संघात आमच्या माणसाला जागा नाही त्याला आमचं मैदान का द्यायचं? मुद्दा बिनतोड होता. मार्च १९४६ मध्ये रॅम्सने वॉशिंग्टन यांना करारबद्ध केलं, मागोमाग स्ट्रोडना. म्हणजे रॉबिन्सन यांच्या एक वर्ष आधी. पण तेव्हा वॉशिंग्टन यांचे गुडघे शस्त्रक्रियेला आलेले होते. त्यांना तीनच मोसम मिळाले. त्यातही १९४७ मध्ये त्यांनी एकदा ९२ यार्ड पळून चेंडू पार नेला, आणि त्या संघाचा तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. झिजलेल्या गुडघ्यांवर हे, तर एकविसाव्या वर्षी काय केलं असतं, हा हिशेब कोणत्याही नोंदवहीत नाही. स्ट्रोड पुढे सिनेमात गेले. ‘स्पार्टाकस’ सिनेमा पाहिला असेल तर त्यातला त्रिशूळवाला काळा ग्लॅडिएटर आठवा, ते स्ट्रोड.

शेवटचा अडून बसलेला मालक होता जॉर्ज प्रेस्टन मार्शल, वॉशिंग्टन शहराच्या संघाचा. १९६१ पर्यंत त्याच्या संघात एकही काळा खेळाडू नव्हता. इथेही कारण जमिनीचंच झालं. नवं स्टेडियम केंद्र सरकारच्या जागेवर होतं, आणि केनेडी सरकारातले गृहखात्याचे मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनी बजावलं, की भेदभाव करणाऱ्याला ही जागा वापरता येणार नाही. (तिकडच्या गृहखात्याकडे पोलीस नसतात, सरकारी जमिनी असतात.) मार्शलने नाक मुठीत धरून ड्राफ्टमध्ये अर्नी डेव्हिस या काळ्या खेळाडूला निवडलं आणि लगेच त्याला क्लीव्हलंडला देऊन बदल्यात बॉबी मिचेल यांना घेतलं. अर्नी डेव्हिस यांना रक्ताचा कर्करोग निघाला. एकही व्यावसायिक सामना न खेळता मे १९६३ मध्ये, तेविसाव्या वर्षी ते गेले. आणि बॉबी मिचेल १९६२ मध्ये राजधानीच्या संघाचे पहिल्या काही काळ्या खेळाडूंपैकी एक झाले. अलींच्या फोटोत मागे उभे असलेले मिचेल ते हे.

आता फोटोच्या मध्यावर, अलींच्या शेजारी बसलेला माणूस. जिम ब्राऊन.

जन्म १९३६, जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या सेंट सायमन्स बेटावर. आई लाँग आयलंडला लोकांच्या घरी धुणी-भांडी-स्वयंपाक करायला गेलेली, मुलगा पणजीजवळ वाढला. आठ वर्षांचा झाल्यावर आईकडे गेला. शाळेत आणि पुढे सिराक्यूज विद्यापीठात हा मुलगा फुटबॉल, बास्केटबॉल, लॅक्रॉस, मैदानी शर्यती, सगळं खेळला आणि सगळ्यात पुढे राहिला. १९५७ मध्ये क्लीव्हलंड ब्राऊन्सने त्याला निवडलं. संघाचं नाव आणि त्याचं आडनाव एकच, हा निव्वळ योगायोग.

नऊ मोसम ते खेळले. ११८ सामने, आणि एकही चुकवला नाही. चेंडू काखेत घेऊन २,३५९ वेळा समोरच्या भिंतीवर धावले आणि १२,३१२ यार्ड पुढे गेले. आपल्या मापात सांगायचं तर सव्वाअकरा किलोमीटर, आणि त्यातलं प्रत्येक पाऊल अंगावर येणाऱ्या माणसांतून. नऊपैकी आठ मोसमांत सर्वाधिक धाव त्यांचीच. संपूर्ण कारकिर्दीत सामन्यामागे शंभर यार्डांहून जास्त सरासरी राखणारा धावपटू त्यांच्याखेरीज एनएफएलमध्ये अजून कोणी झालेला नाही. त्यांची एक सवय प्रसिद्ध होती. पाडल्यावर ते अगदी सावकाश उठायचे. दर वेळी तेवढ्याच सावकाश. त्यामुळे खरोखर लागलंय की नाही हे समोरच्याला कधी कळायचं नाही. १९६४ साली त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात बाल्टिमोरला २७-० हरवलं. १९६५ मध्ये ते पुन्हा लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले.

आणि पुढच्या उन्हाळ्यात ते थांबले.

झालं असं, की १९६६ मध्ये ते इंग्लंडमध्ये ‘द डर्टी डझन’ या सिनेमात काम करत होते. पावसामुळे चित्रीकरण लांबलं आणि संघाच्या सराव शिबिराची तारीख आली. मालक आर्ट मोडेल यांनी फर्मान काढलं, की शिबिराला वेळेत हजर व्हा, नाहीतर दंड. ब्राऊन यांनी जुलैमध्ये तिकडूनच जाहीर केलं, की मी आता खेळणार नाही. वय ३०. गुडघे शाबूत, विक्रम नावावर, अजून तीन-चार वर्षं सहज काढली असती. मालकाला वाटलं होतं दंडाच्या भीतीने माणूस धावत येईल.

उर्दूत नोकरीतून निवृत्त होण्याला ‘सुबुकदोश होना’ म्हणतात. सुबुक म्हणजे हलका, दोश म्हणजे खांदा. खांद्यावरचं ओझं उतरणं. मराठीतल्या ‘निवृत्ती’त पाठ फिरवून मागे वळण्याचा अर्थ आहे, उर्दू शब्दात सुटकेचा. या खेळात खांद्यांवर खरोखरच पॅडचं ओझं असतं, म्हणून ब्राऊन यांच्यासाठी मला उर्दू शब्दच बरा वाटतो.

पुढे तेहेतीस वर्षांनी डेट्रॉइटच्या बॅरी सँडर्स यांनी तेच केलं. दहा मोसम, १५,२६९ यार्ड. वॉल्टर पेटन यांच्या सर्वकालीन विक्रमाला १,४५७ यार्ड कमी, म्हणजे फार तर एका मोसमाचं काम. जुलै १९९९ मध्ये त्यांनी आपल्या गावच्या, विचिटाच्या, वर्तमानपत्राला फॅक्स पाठवला आणि विषय संपवला. संघाने काय केलं? करारावर सही करताना दिलेल्या रकमेतला काही भाग परत मागितला. विक्रम तोंडाशी असताना घास ठेवून उठणाऱ्या माणसाचं कौतुक वाटायच्या आधी मालकाला हिशेब आठवला.

ब्राऊन मात्र मैदान सोडून नुसते सिनेमात गेले नाहीत. त्यांनी काळ्यांच्या धंद्यांना पतपुरवठा आणि सल्ला मिळावा म्हणून एक संघटना उभी केली होती, निग्रो इंडस्ट्रियल अँड इकॉनॉमिक युनियन. मागे उभे असलेले वूटेन आणि इतर खेळाडू तिच्यात काम करत होते. फोटो तिच्याच क्लीव्हलंडच्या कार्यालयातला आहे.

त्या दिवसाची गोष्ट आपल्याकडे जशी सांगितली जाते तशी ती सरळ नाही. २८ एप्रिल १९६७ ला अलींनी ह्यूस्टनमध्ये सैन्यभरतीला नकार दिला. व्हिएतनामचं युद्ध माझ्या धर्माला मान्य नाही, हे त्यांचं म्हणणं. किताब काढून घेतला गेला, बॉक्सिंगचा परवाना गेला, खटला उभा राहिला. आता अलींच्या लढतींचं चित्रपटगृहांमधून प्रक्षेपण करणारी ‘मेन बाउट’ नावाची एक कंपनी होती आणि तिच्यात जिम ब्राऊन यांचाही वाटा होता. अली लढले नाहीत तर कंपनी बुडणार. सरकारशी तडजोडीचीही चर्चा होती: सैनिकांपुढे प्रदर्शनी लढती करा, गणवेश घाला, बंदूक उचलू नका, खटला मिटवू. म्हणजे अलींचं मन वळवलं तर ब्राऊन यांचा फायदाच होता. आणि बोलावलेल्यांत काही जण स्वतः सैन्यात राहून आलेले. त्यांना अलींचा नकार पटलेला नव्हता.

बंद दारामागे कित्येक तास हे चाललं. अलींना उलटसुलट प्रश्न विचारले गेले. तुझा विश्वास खरा आहे का? की कोणी तुला पढवलंय? तुरुंगात जायची तयारी आहे? अली बोलत राहिले आणि एक इंचही हलले नाहीत. बाहेर आल्यावर ब्राऊन यांनी पत्रकारांना सांगितलं, की हा माणूस मनापासून बोलतोय आणि आम्ही त्याच्या बरोबर आहोत. बिल रसेल यांनी नंतर एका मासिकात लिहिलं त्याचा आशय असा, की मला अलींची काळजी नाही. त्यांच्याकडे जी निष्ठा आहे ती माझ्याकडे नाही, काळजी बाकीच्यांची आहे.

मला या फोटोत सर्वांत मोलाचं हे वाटतं. ब्राऊन मुस्लिम नव्हते. अल्सिंडर यांनीही कलमा पढला तो पुढच्या वर्षी. ही सगळी अलींच्या दीनच्या बाहेरची माणसं, शंका घेऊन आलेली, काहींचा पैसा अडकलेला. त्यांनी आधी माणसाला तपासलं, मग त्याच्या शेजारी उभी राहिली. आपल्या बाजूने बोलणारा कोणी भेटला की आपण त्याला लगेच फुलं देतो, पण ज्याने आपल्याला आधी दोन अवघड प्रश्न विचारले आणि मग साथ दिली, त्याची साथ जास्त टिकते. १९६७ मध्ये हे आठ जण टिकले, ज्या काळात खेळणाऱ्यांची नोकरी एका फोनवर जाऊ शकत होती. १६ दिवसांनी अलींना पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड झाला. अपील चालू राहिल्याने ते तुरुंगात गेले नाहीत, आणि २८ जून १९७१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. कारकिर्दीतली ऐन जोमाची तीन-साडेतीन वर्षं मात्र गेली.

आठ जणांचं पुढे बरंच झालं. विली डेव्हिस खेळता खेळता शिकागो विद्यापीठातून एमबीए झाले, मोठे व्यापारी झाले. सिड विल्यम्स बहामात अमेरिकेचे राजदूत झाले. जॉन वूटेन यांनी तर फ्रिट्झ पोलार्ड यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेचं अध्यक्षपद सांभाळलं, काळ्या प्रशिक्षकांना संधी मिळावी म्हणून.

ब्राऊन यांच्याविषयी इथेच थांबलो तर अर्धं सांगितल्यासारखं होईल. १९८८ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या टोळ्यांमधल्या पोरांसाठी संस्था काढली, ती पोरं त्यांच्या घरी येऊन बसायची, हे खरं. आणि स्त्रियांना मारहाण केल्याचे आरोप त्यांच्यावर तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत वारंवार झाले, हेही खरं. बहुतेक वेळा प्रकरण शिक्षेपर्यंत गेलं नाही. १९९९ मध्ये पत्नीची गाडी फोडल्याबद्दल ते दोषी ठरले, न्यायालयाने सांगितलेलं समुपदेशन त्यांनी नाकारलं आणि २००२ मध्ये काही महिने तुरुंगात काढले. माझ्या वर्गात निम्म्या मुली असतात. त्यांच्यापुढे मी हा फोटो दाखवतो तेव्हा हेही सांगतो. मालकासमोर न वाकणारा माणूस घरात मालक होऊ शकतो, हे आपल्या मोहल्ल्यात काही अनोखं नाही.

अलींचं वारं फुटबॉलमध्येही आलं. ओरेगॉनचा बॉबी मूर १९७२ मध्ये ड्राफ्टमध्ये चौथा निवडला गेला, त्याच सुमारास मुसलमान झाला आणि अहमद रशाद नावाने खेळू लागला. मिनेसोटाकडून १४ डिसेंबर १९८० ला अगदी शेवटच्या क्षणी त्याने झेललेला चेंडू तिथले लोक अजून विसरलेले नाहीत. पुढे तो दूरचित्रवाणीवरचा लाडका निवेदक झाला. आणि नावाची एक गंमत: नव्वदच्या दशकात मायामी संघात एक धावपटू होता, त्यानेही इस्लामी नाव घेतलं करीम अब्दुल-जब्बार. तोही यूसीएलएचा, त्याचाही अंक ३३. मूळच्या करीम यांनी त्याच्यावर खटला भरला! तडजोडीत त्याच्या पाठीवर नुसतं ‘अब्दुल’ उरलं. ‘अब्दुल’ म्हणजे ‘...चा बंदा’. कोणाचा, ते कापलं गेलं. उर्दूच्या मास्तरला हे पाहवत नाही. आपल्याकडेही हजेरीपटावर अब्दुल रहीमचा अब्दुल झालेला रोज पाहतो, पण तिथे निदान खटला नसतो.

माझ्या मुलांना सगळ्यात जास्त आवडते ती हुसैन अब्दुल्ला याची हकीकत. हा २००८ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. मिनेसोटाने असाच आजमावायला घेतला आणि तो टिकला. ऑगस्टच्या सराव शिबिरात रमजान आला तरी रोजे सोडले नाहीत. पाणी न पिता ती धडकाधडक. २०१२ मध्ये तो २७ वर्षांचा होता, त्याचा थोरला भाऊ हमजा अ‍ॅरिझोनाकडून खेळलेला. दोघांनी ठरवलं, की यंदाचा मोसम सोडायचा आणि हजला जायचं. आपल्याकडे हज म्हणजे ग्रॅच्युइटी हातात आल्यावरची गोष्ट. मुलींची लग्नं, घराचं कर्ज, मग हज. ज्या धंद्यात सरासरी साडेतीन वर्षं मिळतात, तिथे एक अख्खा मोसम आपण होऊन सोडणं म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहा. हमजाला पुन्हा लीगमध्ये जागा मिळाली नाही. हुसैनला कॅन्सस सिटीने घेतलं.

२९ सप्टेंबर २०१४, सोमवारची रात्र, सगळ्या देशाचं लक्ष असलेला सामना. समोर टॉम ब्रेडी, त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू. हुसैनने त्याचा फेकलेला चेंडू मधेच पकडला, ३९ यार्ड पळून पार नेला आणि गुडघ्यांवर घसरत जाऊन सजद्यात गेला. पंचाने पिवळं फडकं टाकलं. बेशिस्त वर्तन, १५ यार्डांचा दंड. जमिनीवर पडून जल्लोष करायचा नाही असा नियम होता. प्रार्थनेला मात्र त्यात सूट होती, आणि तीनच वर्षांपूर्वी टिम टीबो नावाचा ख्रिस्ती खेळाडू मैदानावर एका गुडघ्यावर बसून प्रार्थना करायचा तर लोक त्याची नक्कल करून फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी लीगने कबूल केलं, की दंड व्हायला नको होता. हुसैन स्वतः शांत होता. त्याचं म्हणणं, मी घसरत गेलो म्हणून दंड झाला असेल. तेवढ्यावर त्याने विषय सोडला. त्या रात्री त्यांनी ४१-१४ असा सामना जिंकलाही होता.

मार्च २०१६ मध्ये त्याने खेळ थांबवला. वय ३०. डोक्याला पाच वेळा जबर धक्का बसलेला. हे थांबणं समजायला माइक वेबस्टर यांचं नाव माहीत असावं लागतं. पिट्सबर्ग संघाचे ते आधारस्तंभ, चार सुपर बोल जिंकलेले, १७ मोसम डोक्याने धडका घेतलेले. शेवटी स्मृती गेलेली, कित्येकदा स्वतःच्या गाडीत झोपत. २००२ मध्ये पन्नाशीत गेले. त्यांचा मेंदू तपासला तो नायजेरियातून आलेले डॉक्टर बेनेट ओमालू यांनी. वारंवारच्या धक्क्यांनी मेंदू कसा पोखरतो हे त्यांनी २००५ मध्ये छापलं, तर लीगच्या डॉक्टरांनी तो लेख मागे घ्यायची मागणी केली. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाने एनएफएलच्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यांतल्या ११० मध्ये तोच आजार निघाला. अर्थात, ज्यांना त्रास दिसत होता त्यांच्याच घरच्यांनी बहुतेक मेंदू दिले होते, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. पण हुसैनपुढे हे सगळं होतं, वेबस्टरपुढे नव्हतं.

हुसैनने मैदान सोडलं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा कॉलिन कॅपर्निक राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला, मग एका माजी सैनिक खेळाडूशी बोलून गुडघ्यावर टेकू लागला. पोलिसांच्या हातून मरणाऱ्या काळ्यांसाठी हे आहे, असं त्याने सांगितलं. यावर जिम ब्राऊन काय म्हणाले? मी असतो तर झेंड्याचा अपमान केला नसता, असं २०१७ मध्ये ते बोलले. अलींच्या शेजारी बसलेला माणूस. वाचून खूप लोक नाराज झाले, मीही झालो. १८ मे २०२३ ला, ८७ व्या वर्षी ते गेले तेव्हा लिहिणाऱ्यांनी हे वाक्यही आठवणीने छापलं.

कॅपर्निक २०१६ च्या मोसमानंतर करारातून बाहेर पडला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता आणि त्याला खेळायचं होतं. बत्तीस संघांपैकी एकानेही त्याला घेतलं नाही. मालकांनी संगनमत केल्याची तक्रार त्याने केली, फेब्रुवारी २०१९ मध्ये लीगने त्याच्याशी तडजोड केली, अटी गुप्त राहिल्या. बंदीचा आदेश या वेळीही कोणी काढला नव्हता. नंतर तो एकही सामना खेळला नाही.